स्ट्रिंग जोडणी

स्ट्रिंग जोडणी ही संगणकाच्या आज्ञावलीतील एक मूलभूत क्रिया आहे. एका स्ट्रिंगच्या, म्हणजेच अक्षरचिन्हांच्या एका क्रमाच्या, शेवटाला दुसऱ्या स्ट्रिंगचा आरंभ लावून नवी स्ट्रिंग तयार करणे, असे तिचे स्वरूप असते. इंग्रजीत या क्रियेला कॉन्कॅटिनेशन म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी 'साखळी' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. "कार्ले" आणि "लेणी" या दोन स्ट्रिंग जोडल्या असता "कार्लेलेणी" ही स्ट्रिंग मिळते. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा हवी असल्यास ती तिसरी स्ट्रिंग म्हणून जोडावी लागते, कारण संगणक ती आपणहून घालत नाही.

जवळपास प्रत्येक आज्ञावली भाषेत ही क्रिया उपलब्ध आहे आणि शिकणाऱ्याला ती पहिल्या काही धड्यांतच भेटते. तिची व्याख्या सोपी असली तरी मराठी मजकुराच्या बाबतीत तिचे परिणाम नेहमीच अपेक्षेप्रमाणे होत नाहीत. याची कारणे दोन आहेत. देवनागरीत शेजारच्या चिन्हांनुसार अक्षराचे दृश्यरूप बदलते. आणि मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे मूळ रूपच बदलते. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील, लोणावळ्याजवळच्या 'कार्ले' या गावाच्या नावात या दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात, म्हणून या लेखात ते नाव उदाहरण म्हणून वापरले आहे.

व्याख्या आणि गुणधर्म

औपचारिक भाषांच्या सिद्धान्तात स्ट्रिंग म्हणजे ठरावीक चिन्हसंचातील चिन्हांचा सान्त क्रम. अ आणि ब या दोन स्ट्रिंगची जोडणी म्हणजे अ मधील सर्व चिन्हे त्यांच्या क्रमाने आणि त्यांच्यामागून ब मधील सर्व चिन्हे त्यांच्या क्रमाने. एकही चिन्ह नसलेल्या स्ट्रिंगला रिक्त स्ट्रिंग म्हणतात. ती कोणत्याही स्ट्रिंगला कोणत्याही बाजूने जोडली तरी मूळ स्ट्रिंग तशीच राहते. बेरजेत शून्याची जी भूमिका असते तीच येथे रिक्त स्ट्रिंगची असते.

ही क्रिया साहचर्याचा नियम पाळते. तीन स्ट्रिंग जोडताना आधी पहिल्या दोन जोडल्या काय किंवा शेवटच्या दोन जोडल्या काय, उत्तर एकच येते. क्रमनिरपेक्षतेचा नियम मात्र ती पाळत नाही. "वड" + "गाव" आणि "गाव" + "वड" यांची उत्तरे वेगळी आहेत. साहचर्य आणि तटस्थ घटक हे दोन गुण असलेल्या बीजगणितीय रचनेला मोनॉइड म्हणतात, आणि एखाद्या चिन्हसंचातील सर्व स्ट्रिंगचा संच जोडणीसह मुक्त मोनॉइड ठरतो. जोडलेल्या स्ट्रिंगची लांबी ही घटक स्ट्रिंगच्या लांबीच्या बेरजेइतकी असते. हे विधान चिन्हांच्या संख्येबद्दल खरे आहे. वाचकाला दिसणाऱ्या अक्षरांबद्दल ते खरे असेलच असे नाही. देवनागरीतील घोळाची सुरुवात येथूनच होते.

क्रियाचिन्हे

जोडणीसाठी कोणते चिन्ह वापरावे यावर भाषांचे एकमत नाही. बेसिकच्या अनेक आवृत्त्या, जावा, जावास्क्रिप्ट, पायथॉन आणि सी++ यांत अधिकचे चिन्ह वापरले जाते. पर्ल आणि पीएचपीमध्ये टिंब, लुआमध्ये दोन टिंबे, हॅस्केलमध्ये दोन अधिकची चिन्हे, फोर्ट्रान ७७ मध्ये दोन तिरक्या रेघा आणि पीएल/१ मध्ये दोन उभ्या रेघा आहेत. एसक्यूएलच्या प्रमाणकातही दोन उभ्या रेघाच आहेत. स्नोबॉल आणि ऑक या भाषांत चिन्हच नाही, दोन स्ट्रिंग शेजारी लिहिल्या की त्या जोडल्या जातात. ज्युलिया भाषेने गुणाकाराचे चिन्ह निवडले. गणितात बेरजेचे चिन्ह सहसा क्रमनिरपेक्ष क्रियेसाठी वापरतात, स्ट्रिंग जोडणी तशी नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. गणिताच्या दृष्टीने तो बिनतोड असला तरी इतर भाषांनी तो फारसा मनावर घेतलेला नाही.

पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांची नावे देवनागरीत देता येतात. त्यामुळे पुढील ओळी पायथॉनमध्ये जशाच्या तशा चालतात:

गाव = "कार्ले"
ठिकाण = "लेणी"
नाव = गाव + " " + ठिकाण

यानंतर 'नाव' या चलाचे मूल्य "कार्ले लेणी" असे होते.

एकच चिन्ह बेरीज आणि जोडणी या दोन्ही कामांसाठी वापरण्याची किंमत संख्यांच्या बाबतीत मोजावी लागते. जावास्क्रिप्टमध्ये अर्जाच्या रकान्यात भरलेले मूल्य स्ट्रिंग म्हणून मिळते. २५ रुपयांच्या दोन तिकिटांची रक्कम अशा रकान्यांतून घेऊन थेट अधिकच्या चिन्हाने 'मिळवली' तर उत्तर ५० ऐवजी "२५२५" येते. जावामध्ये ही क्रिया डावीकडून उजवीकडे चालते. म्हणून "एकूण " + १ + २ याचे उत्तर "एकूण १२" असते, तर १ + २ + " एकूण" याचे उत्तर "३ एकूण" असते. पायथॉन स्ट्रिंग आणि संख्या यांची परस्पर जोडणी नाकारून चूक दाखवतो. पीएचपीमध्ये टिंब जोडते आणि अधिकचे चिन्ह फक्त बेरीज करते, त्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही. देवनागरी अंकांचीही येथे नोंद घ्यावी लागते: "२५" या देवनागरी अंकांतील स्ट्रिंगचे पूर्णांकात रूपांतर पायथॉन करतो, जावास्क्रिप्ट मात्र ती संख्या मानत नाही.

देवनागरी लिपीतील जोडणी

युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिलेला असतो, त्याला संकेतबिंदू म्हणतात. 'कार्ले' हा शब्द वाचकाला दोन अक्षरांचा दिसतो: 'का' आणि 'र्ले'. संगणकाच्या दृष्टीने मात्र त्यात सहा संकेतबिंदू आहेत: क (२३२५), काना (२३६६), र (२३५२), हलंत म्हणजे पाय मोडण्याचे चिन्ह (२३८१), ल (२३५४) आणि मात्रा (२३७५). यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतबिंदू ३ बाइट घेतो, म्हणून हे दोन अक्षरी नाव १८ बाइटचे होते. यूटीएफ-१६ मध्ये ते १२ बाइटचे असते. एखाद्या भाषेतील 'लांबी' सांगणारे फलन यांपैकी काय मोजते हे जाणून घेतल्याशिवाय त्याच्या उत्तरावर विसंबता येत नाही.

जोडणी ही संकेतबिंदूंच्या पातळीवर होते. "कार्" आणि "ले" या वेगवेगळ्या दाखवल्या तर पहिल्या स्ट्रिंगच्या शेवटी पाय मोडलेला र दिसतो. त्या जोडल्या की तोच र रफार होऊन 'ले'च्या डोक्यावर जातो. साठवलेल्या क्रमात काहीही बदललेले नसते. बदल फक्त टंकाने काढलेल्या आकृतीत होतो. त्याचप्रमाणे "मावळ" आणि "ात" यांची जोडणी "मावळात" अशी होते, पण "ात" ही स्ट्रिंग एकटी दाखवली की तिच्या कान्याला आधार देण्यासाठी ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसत असली तरी साठवणीत ती व्यंजनानंतरच येते. म्हणून "क" ला वेलांटी जोडताना ती स्ट्रिंगच्या शेवटी लावायची असते, पडद्यावर मात्र ती डावीकडे उमटते.

दृश्य अक्षरांची संख्या अशा प्रकारे जोडणीनंतर बेरजेइतकी राहत नाही. "कार्" या स्ट्रिंगमध्ये दोन दृश्य घटक आहेत, "ले"मध्ये एक. जोडल्यावर मात्र दोनच अक्षरे उरतात. वाचकाला एक वाटणाऱ्या घटकाची सीमा कोठे मानावी याचे नियम युनिकोडने दिलेले आहेत. जुन्या नियमांनुसार 'कार्ले'चे का, र् आणि ले असे तीन घटक पडत. २०२३ साली आलेल्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिपींची जोडाक्षरे अखंड धरण्याचा नियम आला आणि या नावाचे दोन घटक झाले. मजकूर उलटा करणे, पहिली काही अक्षरे कापून पुढे तीन टिंबे जोडणे, आद्याक्षरे काढणे अशी कामे संकेतबिंदूंवर केली तर रफार आणि काने भलत्याच अक्षराला चिकटतात. ती कामे या घटकांवर करावी लागतात.

मराठीतला 'ऱ' हा आणखी एक अडचणीचा मुद्दा आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे मावळात डोंगरांमध्ये असतात त्या; दोन शब्दांतील फरक केवळ र य ला कसा जोडला आहे एवढाच आहे. यातला दुसरा शब्द तीन प्रकारे साठवता येतो. 'ऱ' साठी स्वतंत्र संकेतबिंदू (२३५३) आहे. र (२३५२) आणि नुक्ता (२३६४) जोडूनही तोच ऱ मिळतो. आणि र, हलंत व शून्य रुंदीचा जोडक (८२०५) या क्रमानेही तोच आकार उमटतो. डोळ्यांना तिन्ही सारखे, संगणकाला तिन्ही वेगळे. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिले दोन प्रकार एक होतात, तिसरा मात्र वेगळाच राहतो आणि शोधताना तो शब्द सापडत नाही. येथेच जोडणीचा एक सहसा दुर्लक्षित गुण दिसतो: दोन प्रमाणित स्ट्रिंग जोडून आलेली स्ट्रिंग प्रमाणित असेलच असे नाही. "र" ने संपणारी आणि नुक्त्याने सुरू होणारी अशा दोन स्ट्रिंग स्वतंत्रपणे नियमानुसार असतात. जोडल्यावर मात्र त्या सांध्यात ऱ तयार होतो आणि पुन्हा प्रमाणीकरण करावे लागते.

मजकूर तुकड्यांनी येत असेल तर बाइटच्या पातळीवरही काळजी घ्यावी लागते. 'कार्ले'चे १८ बाइट जाळ्यावरून १० आणि ८ अशा दोन तुकड्यांत आले तर पहिल्या तुकड्यात तीन पूर्ण संकेतबिंदू आणि चौथ्याचा एकच बाइट असतो. प्रत्येक तुकड्याचे आधी अक्षरांत रूपांतर करून मग जोडणी केली तर सांध्यावर चौकोनात प्रश्नचिन्ह उमटते आणि हलंत हरवतो. आधी बाइट जोडून मग रूपांतर केले तर काहीच बिघडत नाही. मोबाइलवरील लघुसंदेशांतही हाच प्रकार असतो. लॅटिन लिपीतील साधा संदेश १६० चिन्हांचा असू शकतो, देवनागरी संदेश ७० चिन्हांचा. त्याहून मोठा संदेश तुकड्यांत जातो आणि घेणाऱ्याच्या फोनवर जोडला जातो. प्रत्येक तुकड्यात जोडणीची माहितीही घालावी लागत असल्याने देवनागरीसाठी तुकड्यामागे ६७ चिन्हेच उरतात. काने, मात्रा आणि हलंत हे सगळे यात मोजले जातात, त्यामुळे मराठी संदेश इंग्रजीपेक्षा फार लवकर दुसऱ्या तुकड्यात जातो.

युनिकोडपूर्व काळात परिस्थिती वेगळी होती. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रमाणित केलेल्या इस्की या संकेतप्रणालीत अक्षर उच्चाराच्या क्रमाने, प्रत्येक चिन्हाला एक बाइट याप्रमाणे साठवले जाई. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची भाषाविषयक साधने याच प्रणालीवर आधारित होती. युनिकोडच्या देवनागरी तक्त्याची मांडणी इस्कीच्या १९८८ सालच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. छपाईच्या व्यवसायात मात्र आकारांवर आधारलेले टंक रुळले. त्यांत रफार हे चिन्ह ज्या अक्षरावर दिसते त्याच्या नंतर आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते. अशा मजकुरात "कार्" नावाची पहिली स्ट्रिंगच अस्तित्वात नसते, कारण रफार 'ले'च्या पलीकडे असतो. जुन्या मराठी मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना तुकडे जोडण्याआधी क्रम बदलावा लागतो तो यामुळेच.

मराठी विभक्ती आणि जोडणी

इंग्रजी संदेश तयार करताना शब्दयोगी अव्यय आणि नाव केवळ शेजारी ठेवले की काम भागते. ही सवय मराठीत चालत नाही. "कार्ले" + "त" याचे उत्तर "कार्लेत" येते, पण मराठीत 'कार्ल्यात' म्हणतात. प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते: कार्ले – कार्ल्या, पुणे – पुण्या, लोणावळा – लोणावळ्या, मावळ – मावळा. 'मळवली' आणि 'मुंबई' यांत मात्र बदल दिसत नाही, म्हणून "मळवली" + "त" ही जोडणी बरोबर ठरते. चाचणीसाठी अशीच नावे निवडली तर आज्ञावलीतील दोष लक्षातही येत नाही.

बदल करण्याची कृती संकेतबिंदूंत सांगता येते. 'कार्ले'च्या शेवटची मात्रा काढायची आणि हलंत, य, काना व त असे चार संकेतबिंदू जोडायचे. सहाचे पाच होऊन त्यांचे नऊ होतात. 'पुणे' आणि 'तळे' यांना हीच कृती लागू पडते. 'लोणावळा' आणि 'खंडाळा' यांतून मात्रेऐवजी काना काढायचा, पुढचे सारे तेच. 'मावळ' आणि 'लोहगड' यांतून काहीच काढायचे नाही, नुसता काना आणि प्रत्यय जोडायचा. येथपर्यंत शेवटच्या चिन्हावरून नियम बांधता येतो असे वाटते, पण ते खरे नाही. 'डोंगर', 'वाट' आणि 'भिंत' हे तिन्ही शब्द अकारान्त आहेत. त्यांची रूपे डोंगरात, वाटेत आणि भिंतीत अशी होतात. लिंग माहीत असले तरी वाट आणि भिंत यांत फरक करता येत नाही, कारण दोन्ही स्त्रीलिंगी आहेत. कान्याने संपणाऱ्या शब्दांतही 'लोणावळा'चे लोणावळ्यात होते आणि 'शाळा'चे शाळेत. काही शब्दांत बदल मधल्या अक्षरांतही होतो: कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेचे देऊळ आहे आणि भाविक देवळात जातात, लोणावळ्याला लोक पाऊस पाहायला येतात आणि पावसात भिजतात. "देऊळ" च्या शेवटाला काहीही जोडले तरी 'देवळात' मिळणार नाही. त्यामुळे सामान्यरूपासाठी शब्दकोश हवा; निव्वळ जोडणीने ते साधत नाही.

व्यवहारात यावर तीन मार्ग दिसतात. पहिला, प्रत्येक नावासोबत त्याचे सामान्यरूपही साठवणे, म्हणजे 'कार्ले' आणि 'कार्ल्या' अशी दोन मूल्ये ठेवून प्रत्यय दुसऱ्याला जोडणे. गावांची यादी मर्यादित असेल तर हा मार्ग सर्वांत भरवशाचा. दुसरा, वाक्यरचनाच अशी निवडणे की नामाला प्रत्यय लागणार नाही. सरकारी पत्रके आणि वर्तमानपत्रे संगणकाच्या कितीतरी आधीपासून 'कार्ले येथे', 'लोणावळा येथील' अशी भाषा वापरत आली आहेत. संगणकाने भरायच्या रिकाम्या जागेसाठी ती आयतीच उपयोगी पडते. ती किंचित रुक्ष वाटते, पण चुकीची नसते. तिसरा, 'गाव: कार्ले' अशी नोंदवजा मांडणी करून वाक्यच टाळणे.

प्रत्ययाखेरीज शब्दक्रम आणि क्रियापद यांचाही प्रश्न असतो. आज्ञावलीत स्वागताचे शब्द आधी आणि त्यामागे गावाचे नाव अशी जोडणी पक्की केलेली असेल, तर मराठी अनुवादकाला 'कार्ल्यात आपले स्वागत आहे' हे वाक्य देताच येत नाही; त्याच्या हाती वाक्याचा अर्धा तुकडाच येतो. शोधाचा निकाल दाखवताना संख्या, नाम आणि 'सापडले' असे तुकडे जोडले तर '१ लेणे सापडले' हे बरोबर येते, परंतु '३ लेणी सापडली', '१ शिलालेख सापडला' आणि '१ गुहा सापडली' यांपैकी एकही येत नाही, कारण मराठीत क्रियापद नामाच्या लिंग-वचनानुसार बदलते. म्हणून जीएनयू गेटटेक्स्ट या अनुवादसाधनाची मार्गदर्शिका तुकडे जोडण्याऐवजी पूर्ण वाक्याचा साचा अनुवादासाठी देण्याची शिफारस करते. साच्यातील रिकाम्या जागांना क्रमांक दिले की अनुवादकाला त्यांची उलटापालट करता येते. विश्वकोशांसाठी वापरल्या जाणाऱ्या मीडियाविकी या प्रणालीत वचन, लिंग आणि व्याकरणरूप यांनुसार साच्यातील शब्द बदलण्याची सोय आहे. मीडियाविकीतच दुवा देतानाही संपादकाला हा फरक जाणवतो: लेखाचे शीर्षक 'कार्ले' असते आणि वाक्यात 'कार्ल्यात' हवे असते, म्हणून दुव्याचे लक्ष्य आणि दिसणारा मजकूर वेगवेगळे लिहावे लागतात.

साचा आणि त्यातील रिकामी जागा ही कल्पना संगणकापुरती नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक स्तंभांवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत दानलेख आहेत. त्यांपैकी बऱ्याच लेखांचा साचा एक आहे: दात्याचे गाव, बहुधा धेनुकाकट, मग दाता यवन असल्यास तसा उल्लेख, त्याचे नाव आणि शेवटी हा स्तंभ त्याचे दान असल्याची नोंद. दात्याचे नाव बदलते, ते षष्ठीच्या रूपात येते, बाकी सारे तसेच राहते. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीच्या लेखात त्याचे नाव 'भूतपालेन' असे तृतीयेत आहे, कारण तेथील वाक्य वेगळे आहे. नाव साच्यात भरताना वाक्याप्रमाणे त्याचे रूप बदलावे लागते, हे लेख कोरवून घेणाऱ्यांना शिकवावे लागले नसणार.

विभाजक आणि मोकळ्या जागा

जोडलेल्या स्ट्रिंगवरून मूळ तुकडे कोणते होते हे सांगता येत नाही. जमिनीच्या नोंदीत भूमापन क्रमांक आणि उपविभाग असे दोन आकडे असतात. ते नुसते जोडले तर क्रमांक १ चा उपविभाग २३ आणि क्रमांक १२ चा उपविभाग ३ या दोन वेगळ्या जमिनींची ओळख "१२३" अशी एकच होते. कागदावर १/२३ आणि १२/३ असे लिहिण्याची जी पद्धत आहे, तिच्यातील तिरकी रेघ हाच विभाजक. अनेक रकाने जोडून नोंदीची ओळखखूण बनवताना मूळ आकड्यांत कधीही न येणारे असे चिन्ह मध्ये घालणे आवश्यक असते.

यादीतील तुकड्यांमध्ये विभाजक घालून ते एकत्र करण्यासाठी बहुतेक भाषांत स्वतंत्र फलन असते, पायथॉनमध्ये त्याला जॉइन म्हणतात. त्याचा फायदा असा की शेवटच्या तुकड्यानंतर अनाहूत स्वल्पविराम राहत नाही.

विदागारांत अनुपस्थित मूल्याचा वेगळा प्रश्न येतो. एसक्यूएलच्या प्रमाणकानुसार कोणत्याही स्ट्रिंगला अनुपस्थित मूल्य जोडले की उत्तर अनुपस्थितच असते. मराठी पद्धतीचे पूर्ण नाव स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशा तीन रकान्यांतून जोडले जाते. त्यांतला मधला रकाना भरलेला नसेल तर उरलेली दोन नावेही निकालातून नाहीशी होतात. ओरॅकलचे विदागार मात्र अशा मूल्याला रिक्त स्ट्रिंग मानते आणि तेथे दोन मोकळ्या जागा शेजारीशेजारी उरतात.

वेग आणि स्मृती

जावा, पायथॉन, जावास्क्रिप्ट यांसारख्या भाषांत एकदा तयार झालेली स्ट्रिंग बदलत नाही. जोडणी म्हणजे नवी जागा घेऊन दोन्ही स्ट्रिंगची नक्कल करणे. एक-दोन जोडण्यांत हे जाणवत नाही, आवर्तनात जाणवते. १०० चिन्हांची एक याप्रमाणे १,००० ओळी एकामागून एक जोडत गेल्यास प्रत्येक वेळी आधीचा सर्व मजकूर पुन्हा उतरवला जातो आणि एकूण सुमारे ५ कोटी चिन्हांची नक्कल होते. अंतिम मजकूर फक्त १ लाख चिन्हांचा असतो. ओळींची संख्या दुप्पट केली की काम चौपट होते.

उपाय भाषेनुसार वेगळे आहेत. जावामध्ये वाढत जाणारा मजकूर साठवण्यासाठी स्ट्रिंगबफर होता. २००४ सालच्या पाचव्या आवृत्तीत अधिक वेगवान असा स्ट्रिंगबिल्डर आला. एका विधानातील जोडण्या जावाचा संकलक स्वतःच सुधारून घेतो, आवर्तनातील जोडणी मात्र आज्ञावली लिहिणाऱ्यानेच सुधारावी लागते. पायथॉनमध्ये तुकडे यादीत साठवून शेवटी एकदाच जोडण्याची पद्धत आहे. संपादकासारख्या साधनांत, जेथे मोठ्या मजकुराच्या मध्ये वारंवार भर पडते, तेथे रोप नावाची वृक्षाकार रचना वापरतात. हान्स बोएम, रस अ‍ॅटकिन्सन आणि मायकेल प्लास यांनी १९९५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तिच्यात जोडणी म्हणजे दोन वृक्षांवर एक नवा गाठबिंदू ठेवणे. मजकुराची नक्कल होतच नाही.

सी भाषेत स्ट्रिंगची लांबी कोठेही नोंदलेली नसते, शेवटी शून्य मूल्याचा बाइट असतो. जोडणीचे प्रमाणित फलन प्रत्येक वेळी पहिल्या स्ट्रिंगच्या आरंभापासून तो शून्य शोधत जाते. रस्त्यावर पट्टे रंगवणारा कामगार डबा आरंभीच ठेवून प्रत्येक पट्ट्यासाठी तेथपर्यंत परत चालत जातो, अशी उपमा जोएल स्पोल्स्की यांनी २००१ साली या प्रकाराला दिली होती. याहून गंभीर दोष असा की राखून ठेवलेली जागा पुरेशी आहे का हे ते फलन तपासत नाही. इंग्रजी नावे डोळ्यांपुढे ठेवून २० बाइटचा रकाना आखला तर "कार्ले" त्यात मावते. "कार्ल्यात" ला मात्र २७ बाइट लागतात आणि उरलेले बाइट शेजारच्या स्मृतीवर लिहिले जातात.

सुरक्षितता

वापरकर्त्याने दिलेला मजकूर जोडून आज्ञा तयार करणे हा जोडणीचा सर्वांत धोकादायक उपयोग आहे. विदागाराला विचारायची चौकशी ही शेवटी एक स्ट्रिंगच असते. तिच्यात गावाचे नाव अवतरणचिन्हांमध्ये जोडले आणि वापरकर्त्याने नावाऐवजी अवतरणचिन्ह बंद करून पुढे स्वतःची अट लिहिली, तर विदागार ती अट चौकशीचाच भाग मानते. असा वापरकर्ता इतरांच्या नोंदी पाहू किंवा पुसू शकतो. या प्रकाराला एसक्यूएल घुसखोरी म्हणतात. त्याचे जाहीर वर्णन १९९८ पासून उपलब्ध आहे. संकेतस्थळाच्या पानात वापरकर्त्याचा मजकूर तसाच जोडला तर त्यातील आज्ञा दुसऱ्या वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालते, तोही याच कुळातला दोष.

अवतरणचिन्हे गाळून टाकणे हा अपुरा उपाय आहे. योग्य पद्धतीत चौकशीचा साचा आणि मूल्ये विदागाराकडे स्वतंत्रपणे पाठवली जातात, त्यांची जोडणी होतच नाही. मूल्यात काहीही असले तरी ते मूल्यच राहते. तक्त्याचे किंवा स्तंभाचे नाव मात्र असे मूल्य म्हणून पाठवता येत नाही. ते जोडावेच लागत असेल तर आधी ठरवलेल्या नावांच्या यादीशी ताडून पाहिले जाते आणि यादीतील स्ट्रिंगच चौकशीत जोडली जाते, वापरकर्त्याकडून आलेली नाही.